जन्माने हॅस्करिग

हॅस्करिग आडनावाची माणसं इंग्लंडात किती आहेत, हे एनिडला जेवढं ठाऊक होतं तेवढं सरकारलाही नसेल. सरकार दहा वर्षांतून एकदा डोकी मोजतं. एनिड दर नाताळाला मोजायची. शुभेच्छांचं कार्ड आलं, माणूस जिवंत. नाही आलं, की जानेवारीत फोन, आणि फोन कोणी उचलला नाही की त्या गावच्या पाद्रीबाबांना पत्र. सोबत उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा. तिकीट लावलं नाही तर पाद्रीसुद्धा उत्तर देत नाही, हा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव.

तिच्या स्वयंपाकघरात नकाशा होता आणि त्यावर टाचण्या. एका घराला एक टाचणी. लँगरडेलच्या खोऱ्यात, म्हणजे ती राहत होती तिथेच, टाचण्यांची दाटी. तिथून रेल्वेच्या कडेनं एक रांग मिडल्सब्रोच्या लोखंडाच्या भट्ट्यांकडे उतरलेली. हलच्या बंदरात चार-दोन, लीड्समध्ये एकुलती एक, आणि त्याखाली थेट लंडनपर्यंत कोरा कागद. कॅनडातल्या दोन टाचण्या चौकटीबाहेर भिंतीच्या गिलाव्यातच खुपसलेल्या होत्या.

"लंडनला एकही हॅस्करिग का गेला नाही?" असं पाहुणे विचारायचे.

"स्वाभिमान," तिचा नवरा नॉर्मन सांगायचा.

"घरभाडं," एनिड चहा ओतता ओतता म्हणायची.

नॉर्मनच्या हयातीत हा संवाद इतक्या वेळा झाला होता, की पुढे पुढे पाहुण्यांनी विचारायची वाट न बघता दोघं आपली आपली वाक्यं बोलून मोकळी व्हायची.

आडनाव कुठून आलं, यावरही घरात दोन मतं होती. नॉर्मनचं मत छापलेलं होतं. हजार वर्षांपूर्वी अस्गेर नावाचा एक सरदार समुद्रापलीकडून जहाजातून आला, खोऱ्यावरची डोंगराची धार त्यानं काबीज केली, ती अस्गेरची धार, इथल्या बोलीत 'रिग', तेच पुढे हॅस्करिग. या आडनावाच्या सगळ्यांचं मिळून एक हॅस्करिग मंडळ होतं, त्याच्या पत्रकावर जहाजाचं चित्रही होतं. सरदाराला कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो गोरापान आणि उंच होता. दुसरं मत एनिडच्या वडिलांचं. ते शेजारच्या गावात खाटीक होते, आडनाव प्लूज. ते म्हणायचे, इथले मेंढपाळ कोरड्या, खरखरीत गवताला 'हॅस्क' म्हणतात, आणि त्या धारेवर दुसरं काही उगवत नाही. "त्या धारेवरच्या मेंढीच्या अंगाला मांस धरत नाही. कोण सरदार मरायला जाईल तिथे?" हे मत कुठे छापून आलं नाही. खाटकाच्या मताचं पत्रक कोण काढतो?

लग्न झालं तेव्हापासून एनिड सरदाराच्या बाजूला गेली होती. सासर म्हणतात ते हेच.

नॉर्मन शाळेत सुतारकाम शिकवायचा. मूल झालं नाही. उरलेला सगळा जीव त्यानं नावात ओतला. म्हणजे बोलायचं काम त्यानं केलं आणि बाकीचं एनिडनं. वाचनालयात बसून देशभरच्या टेलिफोनच्या याद्या चाळायच्या, थडग्यांवरचं शेवाळ खरवडायचं, पत्रं लिहायची, बुटांच्या खोक्यांत कार्डं लावायची. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात तशाच. फक्त लष्कर नवऱ्याच्या आडनावाचं. हलच्या गोदीतल्या हमालाला, कॅनडातल्या गॅरेजवाल्याला आपण कोणीतरी आहोत हे तिच्या पत्रानं कळलं. तोपर्यंत ते आपले नुसते जगत होते.

नॉर्मन वारला तेव्हा तिनं पद्धतीप्रमाणे त्याची टाचणी काढून डबीत टाकली. घराची टाचणी जन्माच्या हॅस्करिगवर असे, आणि या घरात आता तसं कोणी राहिलं नव्हतं. चार वर्षं ती त्या भोकाकडे बघत भांडी घासत होती, आणि त्यात तिला वावगं काही वाटलं नव्हतं. नियम तो नियम.

मग मार्चमध्ये घर सोडायची नोटीस आली.

घर भाड्याचं होतं. नॉर्मननं कधी घर घेतलं नाही. "आपल्याला नाव आहे," असं तो म्हणायचा आणि भाडं एनिड भरायची. म्हातारा मालक होता तोवर चाललं. आता त्याच्या मुलाला ते सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी सजवायचं होतं. जिथे एनिडचे कोबी होते तिथे पाहुण्यांना डुंबायला गरम पाण्याचा हौद येणार होता. "तुमच्याबद्दल मला फार आदर आहे, मिसेस हॅस्करिग," तो म्हणाला. आदर आहे म्हणून त्यानं सप्टेंबरच्या अखेरपर्यंत मुदत दिली.

खोऱ्यात भाड्यानं घर मिळणं आता दात पाडून सोन्याचे बसवण्याइतकं महाग झालं होतं. पण एनिड घाबरली नाही. चर्चच्या खालच्या बाजूला दगडी कुंपणाच्या आत सहा बुटकी घरं होती, एका ओळीत, प्रत्येकाला एक धुराडं आणि एक सफरचंदाचं झाड. अँब्रोज हॅस्करिग नावाचा लोकरी मोज्यांचा व्यापारी साडेतीनशे वर्षांपूर्वी ती बांधून गेला होता. त्यालाही मूल नव्हतं. पैसा वर नेता येत नाही आणि पुतण्यांना द्यायचा नाही, अशा कात्रीत सापडलेला माणूस करतो ते त्यानं केलं: 'माझ्या नावाच्या गरिबांना राहण्यासाठी' असं दगडात कोरून ठेवलं. सहांपैकी तीन घरं आज रिकामी होती. 'माझ्या नावाचे गरीब' आता फारसे उरले नव्हते. जे होते ते मिडल्सब्रोत होते, आणि त्यांना तिथून हलायचं नव्हतं.

एनिडनं सुंदर अक्षरात अर्ज केला. घरांच्या विश्वस्तांच्या कार्यालयातून एका ओळीचं उत्तर आलं: कृपया नियम तीन पाहावा. खाली सही, लोर्ना हॅस्करिग, चिटणीस.

नियम तीन पाहायची एनिडला गरज नव्हती. तो तिनंच टाइप केला होता.

*

लोर्ना ही थेल्माची मुलगी, आणि थेल्मा ही नॉर्मनच्या चुलतभावाची, क्लिफर्डची, बायको. हलच्या एका दारूच्या गुत्त्यात ती ग्लास भरायची, तिथून क्लिफर्डनं तिला उचलून आणली. केस पिवळे रंगवलेले, हसणं दारातून आधी आत येणारं. क्लिफर्ड छपरावरून पडून गेला, तेव्हा थेल्मा पदरात पोर घेऊन अँब्रोजच्या घरासाठी विचारायला आली. विश्वस्तांना प्रश्न पडला: लग्नानं आलेली बाई 'माझ्या नावाची' धरायची का? त्यांनी हॅस्करिग मंडळाचं मत मागितलं.

"द्या की," नॉर्मन म्हणाला. "क्लिफची बायको आहे."

"मग उद्या घटस्फोटवाल्या येतील," एनिड म्हणाली. "परवा त्यांचे दुसरे नवरे येतील. नियम पाहिजे."

बोलणं शहाणपणाचं होतं. शहाणपणाच्या बोलण्याखाली काय दडलंय हे बघायची नॉर्मनला सवय नव्हती. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, एनिड कोणाला तरी त्याची वंशावळ समजावून सांगत होती, आणि थेल्मा भर सभागृहात म्हणाली होती, "एनिड, तू तर या सगळ्यांपेक्षा जास्त हॅस्करिग झालीस बघ. प्लूज खाटकाचं दुकान आता कोण चालवतं?" सगळे हसले होते. नॉर्मनही हसला होता.

त्या हिवाळ्यात एनिडनं नियम तीन टाइप केला. 'घर मिळण्याचा हक्क फक्त जन्माने हॅस्करिग असणाऱ्यांना. लग्नाने नाव मिळालेल्यांना नाही.' आणि कागद मशीनमध्ये होताच, म्हणून खाली नियम चार: 'मेळाव्यात मत देण्याचा हक्कही जन्माने हॅस्करिग असणाऱ्यांनाच.' मंडळानं दोन्ही विनाविरोध मंजूर केले, विश्वस्तांनीही मानले. पुढच्या मेळाव्यापासून तिनं फिती आणल्या. जन्मानं आलेल्यांना निळी, लग्नानं आलेल्यांना पांढरी. स्वतःच्या कोटावर ती 'सचिव' असा पितळी बिल्ला लावायची, त्यामुळे फितीचा प्रश्नच आला नाही. दहा मूर्ख नदी ओलांडून मोजायला लागले की प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो आणि नऊच भरतात. एनिड मूर्ख नव्हती, पण मोजत तीच होती.

थेल्मा मिडल्सब्रोला नगरपरिषदेच्या चाळवजा इमारतीत गेली. नाताळाला तिचं कार्ड यायचं, आणि एक वर्ष आलं नाही. एनिडनं पद्धतीप्रमाणे जानेवारीत फोन केला, तो लोर्नानं उचलला. "आई गेली," ती म्हणाली. "नोंद करून घ्या." त्याआधी ती एनिडला 'आंटी एनिड' म्हणायची. त्यानंतर 'मिसेस हॅस्करिग'. मोठी होऊन, हिशेबनीस होऊन, ती खोऱ्यात परत आली तरी तेच.

*

"साखर घेता अजून?" लोर्नानं विचारलं.

"सोडली."

"आई म्हणायची, तुम्ही साखर सोडाल त्या दिवशी नदी उलटी वाहील."

"थेल्मा बरंच काही म्हणायची."

"हो. आणि तुमच्या सगळं लक्षात राहायचं."

लोर्नाच्या बैठकीत एनिड ओल्या मांजरासारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती. येताना ती फळांचा केक घेऊन आली होती. लोर्नानं तो कापला, शेजारी चीजचा तुकडा ठेवला, बशी पुढे केली आणि स्वतः काही घेतलं नाही.

"अर्ज चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "मला आलेल्या अर्जांत एवढाच शुद्ध लिहिलेला. नियम आडवा येतो, एवढंच."

"नियम बदलता येतो."

"येतो ना. ऑगस्टच्या मेळाव्यात ठराव मांडा. निम्म्याहून जास्त निळ्या फितींनी हात वर केले की झालं."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू काय करशील ते सांग. मला वेड्यासारखं ताटकळत ठेवू नकोस, लोर्ना. मी शहात्तर वर्षांची आहे."

लोर्नानं कपाची कडा बोटानं पुसली. "मी हात वर करीन."

एनिडला हे अपेक्षित नव्हतं. भांडणाची सगळी तयारी करून आलेल्या माणसासमोर दार उघडंच असावं, तशी ती आत धडपडली. "का?" तिनं विचारलं.

"तीन घरांत ओल चढलीय. माणूस राहिलं की चूल पेटते, चूल पेटली की भिंत सुकते. मी हिशेबनीस आहे, मिसेस हॅस्करिग. मला भिंती दिसतात."

घरी येताना एनिडनं मनात डोकी मोजली. मेळाव्याला चाळीसएक निळ्या फिती येत. त्यातल्या बहुतेकांना तिनं स्वतः शोधून काढलं होतं. एकेकाच्या आज्याला तिनं थडग्यावरून उठवून आणला होता. ते काय आपल्याला नाही म्हणतील? घराच्या दारातलं सफरचंदाचं झाड कुठलं निवडायचं, इथपर्यंत तिचा विचार गेला. कडेचं नको. त्याला वारा लागतो.

*

मेळावा मेथडिस्ट पंथाच्या चर्चच्या सभागृहात असे. हॅम भरलेले पाव, डुकराचं मांस भरलेल्या थंड पाई, लोणच्यातले कांदे, आणि कोपऱ्यात चहाचं भलंमोठं पितळी भांडं. त्या भांड्याभोवती पांढऱ्या फितीवाल्या बायका उभ्या राहून कप भरत होत्या. सभागृहात निम्म्या पांढऱ्याच होत्या. त्या वर्षी प्रथमच एनिडनं त्या मोजल्या, आणि प्रथमच तिला कळलं की त्यांना मत असतं तर काम इथेच झालं असतं.

"आमचा हात मोजत असते ना एनिड, तर दोन्ही वर केले असते," त्यातली एक कप पुसत म्हणाली.

"तो नियम कोणी केला गं?" दुसरीनं भोळेपणानं विचारलं.

पहिलीनं तिच्या पायावर पाय दिला.

अध्यक्ष होते पर्सी हॅस्करिग, वरच्या शेतावरचे. माणूस चांगला, पण चांगुलपणा अंगाला घट्ट झालेल्या कोटासारखा. बसताना नेहमी कुठेतरी काचायचा. त्यांनी एनिडला बोलायला बोलावलं. ती फार बोलली नाही. नोटीस आली आहे, चर्चखाली तीन घरं रिकामी आहेत, त्यांना ओल चढते आहे. अठ्ठेचाळीस वर्षं मी हे नाव वापरलं, नियम तीनमध्ये 'आणि हॅस्करिग नवऱ्याच्या विधवांना' एवढे शब्द घालावेत. खाली बसली.

"ऐकून वाईट वाटलं," पर्सी म्हणाले. "कोणाला काही म्हणायचंय?"

कॅनडाचा ग्लेन उठला. गॅरेजवाला तोच. दर दोन वर्षांनी विमानानं यायचा, छातीवर अस्गेरच्या जहाजाचं चित्र असलेला सदरा घालून.

"बायकांना घरं द्यायला लागलो, तर माझ्या आजवरच्या तिन्ही उद्या विमानात बसतील," तो म्हणाला. "तीन घरं आहेत, बरोबर एकेकीला एक."

सभागृह खदखदलं. त्यानं हात वर करून हसू थांबवलं, आणि त्याचा चेहरा खरंच गंभीर झाला.

"चेष्टा सोडा. एनिड, तुझं पहिलं पत्र मी चौकट करून दुकानात लावलंय. तोंडपाठ आहे मला. 'हे नाव पैशाने मिळत नाही, लग्नाने मिळत नाही. हे फक्त रक्ताने मिळतं, आणि ते तुम्हाला मिळालं आहे.' तोपर्यंत मी जुन्या टायरांत लोळणारा माणूस होतो. ते वाचून मी समुद्र ओलांडून इथे आलो. आता ते खरं नव्हतं असं तू मला सांगणार?"

 ते वाक्य एनिडचंच होतं. तिनं ते दोनशेवर पत्रांत लिहिलं होतं, कारण ते लिहिलं की उत्तर येतं.

"तसं नाही ग्लेन, ही अपवादाची गोष्ट आहे," कोणीतरी पुटपुटलं.

"अपवाद केला की नाव उरत नाही," हलचा एक निवृत्त हमाल म्हणाला. "हेही एनिडच म्हणायची."

"हात वर करा," पर्सी म्हणाले. "ठरावाच्या बाजूनं."

दोन हात वर आले. एक लोर्नाचा. दुसरा शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आर्नल्डचा, पण त्याला चहा हवा होता.

"विरुद्ध?"

लीड्सचा गॅव्हिन हॅस्करिग एका हातात मांसाची पाई घेऊन उभा होता. त्यानं दुसरा हात वर केला. त्याच्याभोवती सगळे वर आले, जरा ओशाळलेले, पण वर. कोणी एनिडकडे बघत नव्हतं. हा बरा भाग झाला असं तिला वाटलं, कारण तिलाही कोणाकडे बघायचं नव्हतं.

पर्सी तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी टेबलाखालून एक खोकं काढलं. मंडळानं आधीच ठरवून ठेवलं होतं, निकाल काहीही लागो. आत काचेची ढाल, ढालीवर कोरलेलं जहाज, आणि जहाजाखाली अक्षरं: 'एनिड, मानद हॅस्करिग'.

टाळ्या जोरात झाल्या. नाही म्हटलेली माणसं टाळ्या फार जोरात वाजवतात.

"आणि काळजी करू नकोस," पर्सी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "चर्चच्या मागे नॉर्मनशेजारची जागा तुझीच आहे. त्याला नियम तीन लागत नाही."

त्यांना खरोखर धीर द्यायचा होता. तिनं आभार मानले. हॅस्करिगांच्या घरात झोपायचं तर जन्म लागतो, हॅस्करिगांच्या मातीत झोपायला नुसतं लग्न चालतं, हा हिशेब तिला घरी जाताना लागला. वाटेत पेट्रोल पंपापाशी ती उभी राहिली आणि हसली. फार चांगलं हसू नव्हतं ते.

लोर्नाची गाडी शेजारी थांबली. "बसा. ढाल जड आहे."

पेट्रोल पंप मागे पडला. मग एनिड म्हणाली, "तू एकटीच होतीस. मी विसरणार नाही."

"विसरा," लोर्ना रस्त्याकडे बघत म्हणाली. "तुमच्यासाठी नव्हता तो हात. आईसाठी होता. तिच्या वेळी कोणी वर केला नव्हता, म्हणून एक हिशेबात बाकी होता. आता फिटला."

"मी तेव्हा..."

"नका, मिसेस हॅस्करिग. तुम्ही आता वाईट वाटून घेतलंत तर त्याचं मी काय करू? ठेवायला जागा नाही माझ्याकडे." तिनं दारासमोर गाडी उभी केली, उतरून ढालीचं खोकं आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, आणि नकाशाकडे न बघता गेली.

*

नगरपरिषदेनं मिडल्सब्रोला एक खोली दिली. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, कधी कधी चालते. थेल्मा राहायची ती इमारत नव्हे, पण खिडकीतून ती दिसते, असं खोली दाखवणाऱ्या मुलीनं न विचारता सांगितलं. म्हणजे ती म्हणाली, "समोरच्या त्या जुन्या इमारती लवकरच पाडणार आहेत," आणि एनिडनं पत्त्यावरून ओळखलं.

सामान बांधत असताना, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दारात गॅव्हिन आला. साठीचा, पाठीला पट्टा बांधलेला, मागे दोन कुत्री.

"मिसेस एच, ओळखलंत ना? लीड्सचा."

"मीच तर शोधलं तुला. ये. कुत्री बाहेर."

तो आत आला, खोक्यांवर बसला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. विश्वस्तांच्या घरासाठी अर्ज. खाली एक ओळ कोरी होती: अर्जदार जन्माने हॅस्करिग असल्याचा मंडळाच्या सचिवांचा दाखला.

"बायकोनं काढलं घरातून," तो म्हणाला. "पाठ गेली, तेव्हा विटांचं कामही गेलं. व्हॅनमध्ये झोपतो. तुम्ही नसता तर मला कळलंच नसतं."

"काय?"

"तीन घरं रिकामी आहेत ते. तुमच्या भाषणात ऐकलं."

एनिडनं चष्मा लावला. कागद वाचायला नव्हे. चेहऱ्यावर काहीतरी हवं होतं म्हणून.

"हात कशाला वर केलास मग?" तिनं विचारलं. "माझ्याविरुद्ध?"

गॅव्हिननं प्रामाणिकपणे विचार केला. "सगळ्यांनी केला म्हणून. आणि खरं सांगू, ठराव काय होता ते मला कळलं नव्हतं. पाई छान होती."

हे तिला ग्लेनच्या भाषणापेक्षा जास्त लागलं, आणि का ते तिला सांगता आलं नसतं.

गॅव्हिनचा पणजोबा बापाशी भांडून खोऱ्यातून पळाला होता आणि लीड्सच्या वीटभट्टीवर खोटं वय, खोटं गाव सांगून लागला होता. तो नि खोऱ्यातला पळालेला पोर एकच, हे एनिडनं दोन वर्षं खपून जुळवलं होतं: वीटभट्टीवाल्याच्या तीन मुलींची नावं म्हणजे पळालेल्याच्या तीन बहिणींचीच, त्याच क्रमानं. एवढाच धागा. तो धागा धरायला दुसरं कोणी नव्हतं. तिनं कोऱ्या ओळीवर 'खात्री देता येत नाही' असं लिहिलं असतं तर विश्वस्तांनी मान डोलावून अर्ज परत केला असता. कोणी तिला खोटं म्हटलं नसतं. शब्दशः ते खोटं नव्हतंच. घर रिकामं राहिलं असतं. ओल चढत राहिली असती. तिला मिळालं नसतं, पण यालाही मिळालं नसतं. खोऱ्यात असल्या हिशेबाला लोक न्याय म्हणतात.

तिनं पेन उचललं, खाली ठेवलं, किटली लावली.

"किती वर्षं केलंत हो हे सगळं?" गॅव्हिन नकाशाकडे बघत म्हणाला. "आणि ही टाचणी मी?"

"ती तू."

"एकटाच दिसतोय."

"होतासच." किटली वाजायला लागली. एनिडनं ती बंद केली नाही. त्या टाचणीसाठी ती लीड्सला सात वेळा गेली होती, पावसात, स्वतःच्या पैशानं, आणि ज्या दिवशी तिसऱ्या मुलीचं नाव जुळलं त्या दिवशी तिनं बसस्थानकावर एकटीनं आख्खा केक खाल्ला होता. खात्री नाही असं लिहायचं म्हणजे तो दिवसही नव्हता असं लिहायचं. घर गेलं, कोबी गेले, नाव तर कधी आपलं नव्हतंच असं निघालं. काम तेवढं बरोबर होतं.

तिनं सही केली. एक शब्द न खोडता, 'निःसंशय' असं लिहून.

"मोठे उपकार झाले," गॅव्हिन म्हणाला. "चहाला येत जा हं. घर कुठलं घेऊ?"

"मधलं घे. कडेच्याला वारा लागतो."

"बरं." त्यानं कागद खिशात घातला. "एक विचारू? गुत्त्यात लोक विचारतात, असलं कसलं आडनाव. अर्थ काय त्याचा? पत्रकात काहीतरी जहाज आहे."

"जहाजबिहाज काही नाही," एनिड म्हणाली. "कोरडं गवत. ती वरची धार आहे ना, तिच्यावर उगवतं ते. मेंढीसुद्धा खात नाही. माझ्या बापाला विचारलं असतंस तर त्यानं सांगितलं असतं. खाटीक होता."

गॅव्हिन हसला, मोकळेपणानं, पोट धरून, मग पाठ धरून. "बरं झालं. मला वाटलं, काहीतरी मोठं असेल आणि मला ते पेलावं लागेल."

एनिडनं लीड्सची टाचणी उपटली आणि लँगरडेलच्या दाटीत, चर्चच्या खाली, जागा शोधून टोचली. शेजारी एक रिकामं भोक होतं.

"यात कोण होतं?"

"नॉर्मन."

"आणि तुमची कुठली?"

 तिनं नकाशाचे चारी खिळे पक्कडीनं काढले, कागदाची सुरळी केली, दोरा बांधला आणि ती त्याच्या हातात दिली.

"घेऊन जा. मला ठेवता येणार नाही. तिथे भिंतीला खिळे ठोकू देत नाहीत."

तो गेला. सुरळी त्यानं काखेत उलटी धरली होती, त्यामुळे अंगणातून फाटकापर्यंत कोबीच्या वाफ्यात टाचण्या पडत गेल्या. एनिड दारात उभी होती. हाक मारावी असं तिच्या मनात आलं, पण कुत्री भुंकत होती, आणि हौद खणायला सोमवारी माणसं येणारच होती.